तीन बाजू निळ्या

खाणीत पाणी लागलं आणि खडीचं यंत्र बंद पडलं, त्याला महिना होऊन गेला होता. तेव्हापासून धाकटीचा नवरा घरीच होता. घरी बसलेला पुरुष किती जागा खातो, हे धाकटीला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. पहिल्या आठवड्यात त्यानं न गळणारं छप्पर दुरुस्त केलं. मग शेळीचा खुंटा दोनदा हलवला. तिसऱ्यांदा हलवायला गेला तेव्हा शेळीनंच त्याला ढुशी दिली. शेवटी थोरलीनं त्याला हाक मारून सुयांची डबी पुढ्यात ठेवली.

"भावजी, एवढ्या ओवून द्या."

"मी? वहिनी, ह्या हातांनी वीस वर्षं घण धरलाय."

"मग सुई हलकी लागेल."

तो बसला. त्याच्या बोटांत सुई दिसेनाशी व्हायची, पण दोरा पहिल्याच झटक्यात आरपार. दिवसाला साठ सुया. त्याला त्याचा इतका अभिमान वाटायला लागला की दारावरून जाणाऱ्याला थांबवून तो ओवून दाखवायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. थोरली स्वतः सुई ओवेनाशी झालीय, हे मात्र त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका माणसाची गंमत सुरू झाली की तिच्या आडोशाला दुसऱ्याचं बरंच काही झाकून जातं.

थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. होता तो हात, गोधड्यांचा. शिंप्याकडचं कातरण आणायचं, जुन्या चादरींच्या थरावर तुकडे मांडायचे, आणि मग दोघी जावांनी समोरासमोर बसून कडेकडून आत धावदोरा घालत मधोमध भेटायचं, ही ह्या घरची रीत. टाका दोघींचा, पण मांडणी एकट्या थोरलीची. ती ओसरीवर बसायची, तुकडा उचलायची, अंगठा आणि बोटात चोळायची, कधी गालाला लावायची, आणि मग असा टाकायची की तिथेच त्याची जागा होती असं वाटावं. तिच्या प्रत्येक गोधडीत एखादा तुकडा खटकायचा, आणि बघणारा त्याच्याकडेच बघत राहायचा.

"जाऊबाई, एक मी मांडू का?" धाकटीनं हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती नवी नवरी होती.

"तुझा हात टाक्याचा आहे. मांडणीचा नाही."

त्यानंतर तिनं हे वर्षातून एकदा तरी विचारलं आणि वर्षातून एकदा तरी हेच ऐकलं. अकराच्या अकरा वेळा. शब्दही बदलले नाहीत.

ह्या खेपेचं काम टेकडीवरच्या दवाखान्याचं होतं. तिथे छातीचे रोगी असत. दवाखान्याच्या कोठीवरच्या बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, स्वतः गाडीतून उतरून घरी आल्या होत्या. थंडीच्या आत बारा गोधड्या. मध्ये काय वाटेल ते करा, कड मात्र वीतभर आणि एकरंगी. सहांना निळी, सहांना हिरवी. निळी साध्या वॉर्डाची, हिरवी खोकल्याच्या वॉर्डाची.

"धोबी कड बघून गठ्ठे वेगळे करतो," बाई म्हणाल्या. "एक कड चुकली की एक माणूस चुकला. शहरातले लोक यंत्रावर शिवून द्यायला तयार आहेत. त्यांचं शिवण मला आवडत नाही म्हणून मी इथे आले. पण एका जरी कडेची गडबड दिसली, तर बाराच्या बारा परत. आणि पुढचं काम त्यांना."

खाण बंद असलेल्या घराला असलं वाक्य दोनदा ऐकवावं लागत नाही.

कडेचं कापड दवाखान्यानंच शिंप्याकडे पोचवलं होतं. निळं होतं जाडंभरडं, हिरवं होतं गुळगुळीत. शिंप्यानं पट्ट्या कापून दिल्या. आठ गोधड्या झाल्या, चार निळ्या, चार हिरव्या. सतरा दिवस उरले आणि पट्ट्या संपत आल्या.

दुसरं गाठोडं शिंपी स्वतः घेऊन आला. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, तोंडात शब्दांना तोटा नाही.

"काय हो खाणवाले, सुया ओवता म्हणे? माझ्याकडे या, काज करायला लावतो."

"तुमच्या काजांतून बटणं निसटतात म्हणतात लोक," धाकटीचा नवरा म्हणाला.

"लोकांची पोटं वाढतात, त्याला माझी काजं काय करणार?" शिंप्यानं गाठोडं थोरलीपुढे ठेवलं. "दवाखान्यानं गिरणी बदललीय. पण रंग तेच आहेत, काळजी नको."

थोरलीनं एक पट्टी ओढून बोटात चोळली, दुसरी ओढून चोळली, आणि मान हलवली. शिंप्यानं तिची नक्कल करत आपल्याच बाहीचं कापड चोळून गालाला लावलं आणि डोळे मिटले. सगळे हसले. थोरलीही हसली, जरा उशिरा.

नववी गोधडी तिनं त्याच दुपारी मांडली. धाकटी शेळीला पाणी दाखवून आली तर कडा टाचून तयार होत्या. तीन बाजू निळ्या, चौथी हिरवी.

धाकटी तिथेच उभी राहिली. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की किती सुंदर दिसतंय. मधलं सगळं विटकरी आणि राखाडी, तीन बाजूंनी निळं धरून ठेवलेलं, आणि एका बाजूनं दार उघडावं तसं हिरवं. हिला सुचतं तरी कसं, ह्या विचारानं जुना मत्सर जागा झाला. मग दवाखान्याची आठवण झाली.

"जाऊबाई, ही कड..."

"काय झालं कडेला?"

"नाही. बरी आहे."

मांडणीवर बोललेलं थोरलीला खपत नसे. आठ गोधड्या सरळ कडेच्या करून बाई कंटाळली असेल, धाकटीनं मनाशी म्हटलं. तिची कारागिरी बंड करून उठली असेल. मोठ्या माणसांची बंडं त्यांची त्यांनी निस्तरावीत. पण चार दिवस समोर बसून टाके घालताना तिची नजर त्या चौथ्या बाजूवरून हलत नव्हती आणि सुई दोनदा बोटात गेली. अंगुस्तान घातलं होतं, तरी दुसऱ्या बोटात गेली.

तेरा दिवस राहिले. दहावी मांडली गेली. दोन बाजू हिरव्या, दोन निळ्या.

आता मात्र सुंदर वगैरे काही वाटेना. ती गाठोड्यापाशी गेली, पट्ट्या बाहेर काढल्या, आणि डोळे मिटून चोळल्या. जाड. डोळे उघडले तर हिरवी. मऊ. डोळे उघडले तर निळी. नव्या गिरणीनं उलटं केलं होतं. आणि शिंप्यानं ते सांगितलं नव्हतं, कारण दिसणारी गोष्ट कोण सांगत बसतं?

खात्री करून घ्यायला तिनं जे केलं, त्याची लाज तिला पुढे बरेच दिवस वाटली. कातरणातून एक जांभळा तुकडा काढला, मऊ, आणि थोरलीच्या हातात दिला.

"जाऊबाई, हा हिरवा कसा वाटतो? मध्ये घेता येईल?"

थोरलीनं तुकडा उन्हात धरला, चोळला. क्षणभरच थांबली.

"हिरवा बरा आहे. ठेव तिकडे."

धाकटीनं तो तिकडे ठेवला.

मागे शेळीच्या गोठ्याशी तिनं नवऱ्याला गाठलं.

"त्यांना रंग दिसत नाहीत."

"कुणाला?"

"शेळीला! कुणाला म्हणजे? तुमच्या वहिनींना."

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेल्यातला घोटभर चहा तसाच हातात धरून उभा राहिला. "मग सांगून टाक त्यांना."

"तुम्ही सांगा. तुमची वहिनी आहे."

"मी? मी सुया ओवतो."

"तेवढ्यावर आयुष्य काढणार का?"

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "तू सांगितलंस तर लोक काय म्हणतील? अकरा वर्षं मांडणीवर डोळा ठेवून होती, संधी मिळाली तशी विधवेला पाटावरून उठवलं."

हे धाकटीच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर जास्त लागलं. कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

तिनं मधला मार्ग काढला, म्हणजे भित्र्या माणसाचा. थोरली रोज सकाळी धुणं घेऊन ओढ्यावर जायची आणि तासाभरानं यायची. पहिल्या सकाळी धाकटीनं दहावीच्या टाचलेल्या निळ्या पट्ट्या काढून नव्या हिरव्या टाचल्या आणि त्या दोन्ही बाजू टाक्यासाठी आपल्याकडे घेतल्या. ते सोपं होतं. नववी मात्र पुरी शिवून झाली होती. तिची हिरवी बाजू उसवायला तीन सकाळी लागल्या. ब्लेडनं टाका तोडायचा, दोरा चिमटीत धरून ओढायचा, नवी निळी पट्टी लावायची, धावदोरा घालायचा, आणि कान ओढ्याच्या वाटेकडे. नवरा दारात बसून राखण करायचा. वाटेवर कुणी दिसलं की खोकायचा. एकदा नुसतं कुत्रं आलं तरी खोकला. तोडलेले दोरे ती मुठीत घेऊन चुलीत टाकायची. दिवसा पुन्हा थोरलीसमोर बसून दहावीला टाके घालायचे आणि काही झालंच नाही असं बोलायचं. मान, पाठ, बोटं, सगळं एकच दुखणं झालं होतं.

चौथ्या दिवशी दहावी संपली. नऊ दिवस राहिले. थोरली झालेल्या गोधड्यांच्या घड्या घालायला बसली. एकेका कडेवरून तळवा फिरवत घडी करायची तिची पद्धत. नववीच्या चौथ्या बाजूवर तळवा थांबला. मागे गेला. पुन्हा आला.

"ही कड कुणी उसवली?"

नवऱ्यानं उगीचच एक ओवलेली सुई पुन्हा ओवायला घेतली.

"जुन्या टाक्याची भोकं आहेत. नवा टाका त्यांच्या शेजारून गेलाय. टाका तुझा आहे. भावजींचा असता तर रस्ता झाला असता."

"कड हिरवी होती, जाऊबाई."

"कुठली?"

"ही. तीन बाजू निळ्या होत्या, चौथी हिरवी."

थोरलीचा हात तिथेच राहिला. "जाड लागली होती मला," ती म्हणाली.

"ह्या खेपेला जाड ते हिरवं आलंय."

"आणि मऊ?"

"मऊ निळं."

"शिंपी बोलला नाही काही."

"दिसतंच, म्हणून बोलला नसेल."

तोंडातून गेल्यावर धाकटीनं ओठ दाबले. नवरा उठून बाहेर गेला. शेळीचा खुंटा पुन्हा ठोकल्याचा आवाज यायला लागला.

"दोन वर्षं झाली," थोरली म्हणाली. आवाज जिन्नस मोजून दिल्यासारखा सपाट. "बहिणीकडे म्हणून गेले होते ना आठ दिवस, तेव्हा बहिणीकडे नव्हते गेले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता. मागची नस सुकतेय. आधी रंग जातात, मग बाकीचं."

"मग दोन वर्षं तुम्ही मांडताय कशा?"

"कापड ओळखते. कुणाच्या अंगावरचं, कुठल्या दुकानाचं, ते हाताला कळतं. त्याचा रंग मला आठवतो." ती थांबली. "परवा तू दिलास तो तुकडा. त्या पोताचं हिरवं आपल्या कातरणात कधी आलंच नव्हतं. मला वाटलंच काहीतरी. पण इतक्या प्रेमानं विचारलंस, म्हटलं असेल."

धाकटीला मान वर करवेना.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"तू सांगितलंस का मला? चार दिवस चोरासारखी उसवत बसलीस." थोरलीनं गोधडी बाजूला सारली आणि कातरणाची टोपली पायानं पुढे ढकलली. "घे. अकरा वर्षं मांडायचं होतं ना? मांड."

आणि ती उंबऱ्यावर जाऊन पाठ करून बसली.

मागितलेली वस्तू अंगावर फेकून मिळाली की ती उचलायची कशी, हे कुणी शिकवत नाही. धाकटीनं चादरींचा थर अंथरला. पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढल्या. त्या निघाल्यावरही काढत राहिली. मग तुकडे घेतले. विटकरी ठेवला, उचलला. राखाडी ठेवला, उचलला. दुपार झाली. शेवटी हात आपोआप चालायला लागले: मध्ये विटकरी, भोवती राखाडी, आणि एका अंगाला, जरा खटकेल असा, तांबडा. कडेला चारी बाजू निळ्या. चार-चारदा बघून घेतल्या.

थोरली संध्याकाळचं ऊन उतरताना उठली. वाकून मांडणीवर हात फिरवला. तांबड्यावर थांबली.

"ही माझी आहे."

"हो."

"माझीच चोरून मलाच काय दाखवतेस? दवाखान्याला चालेल. टाचून टाक."

चार दिवस दोघी तिला टाके घालत होत्या. बोलणं फक्त 'दोरा', 'ओढ' आणि 'कात्री' एवढंच. पाच दिवस राहिले.

बारावीच्या सकाळी टोपलीत पाहिलं तर धड तुकडे संपलेले. उरले होते ते काठ. कापडाच्या ठाणाच्या टोकाला दोन बोटं रुंद, घट्ट विणीची पट्टी असते ना, ती. शिंपी कापून फेकतो आणि गोधडीत ती कुणी घेत नाही, कारण सुई जाताना कुरकुरते. फिकट पिवळे, मळकट पांढरे, काही निळसर, एक-दोन जांभळे. धाकटीनं एक तिरका ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा, तसाच तिरका. मग तिसरा. कुणाचं आठवावं असं इथे काही नव्हतंच, थोरलीनंही काठांची गोधडी कधी केली नव्हती. दुपारपर्यंत थर भरून गेला, सगळं एकाच बाजूला कललेलं, वाऱ्यात उभ्या गवतासारखं. आणि पिवळ्यांच्या दाटीत तिनं तो जांभळा तुकडा, तोच, फाडून लांबट करून घातला. भीती वाटली. काढला. पुन्हा घातला.

"जाऊबाई, बघता?"

"बघता म्हणे." पण थोरली आली. तळवा टेकवला. कलत्या शिवणींवरून हात घसरत गेला, वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"काठ घेतलेस? वेडी का खुळी? आणि हे सगळं एका अंगाला पडलंय."

"पडलेलं नाही. झुकलंय."

"रंग सांग."

"पिवळे जास्त."

"पिवळे म्हणजे काय? हळदीचे, लिंबाचे, दाताचे?"

"सुकलेल्या गवताचे."

"कधीच्या?"

"पार उन्हाळ्याच्या शेवटच्या. शेळीनं नाक मुरडलेल्या."

थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि हा लांबडा कुठला?"

"जांभळा. तुम्हाला हिरवा म्हणून दिला होता तो."

थोरलीनं तो दोन बोटांत चोळून पाहिला.

"पिवळ्यात जांभळा नको. पिवळं मरतं."

"राहू दे."

"काय म्हणालीस?"

"राहू दे, जाऊबाई." धाकटीनं शब्द परत घेतले नाहीत. "नाही मरत. जरा भांडतं, एवढंच."

थोरली उठली. आता पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसणार असं वाटलं. ती समोरच्या बाजूला गेली, मांडी घातली, आणि हात पुढे केला. "भावजी, सुई."

पुढच्या चार दिवसांत ती विचारत राहिली. आता माझ्या सुईखाली कुठला? त्याच्या पलीकडे? पांढरा म्हणजे धुतलेला पांढरा की न धुतलेला? धाकटी सांगत राहिली. सांगता सांगता तिचे शब्द संपायचे, मग नवरा मदतीला यायचा: "तो आपल्या जुन्या बैलाच्या पोटाखालच्या रंगाचा आहे वहिनी." त्यावर थोरली म्हणायची, "अस्सं. मग बरोबर आहे," आणि टाका घालायची. काठांत सुई अडायची, दोघींच्या बोटांची टोकं सोलली. कडेच्या हिरव्या जाड पट्टीत शेवटचा टाका पडला तेव्हा एक दिवस उरला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात औषधाचा आणि ओल्या फरशीचा वास होता. गाडीवाल्यानं बारा घड्या बाकावर रचून ठेवल्या. भिंतीशी रोगी बसले होते, तोंडावर फडकी, नजर गोधड्यांवर. कोठीवरच्या बाई वही घेऊन आल्या.

"काम कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," थोरली म्हणाली.

"मग तुम्हीच वेगळ्या करून द्या. निळ्या ह्या उजव्या बाकावर, हिरव्या त्या डाव्या. घड्या मोडू नका, कड दिसतेय तेवढी पुरे."

धाकटी पटकन पुढे झाली. "मी करते बाई."

"तुम्ही थांबा. ज्यांचं नाव, त्यांनीच. उद्या चुकलं तर मी कुणाला धरू?"

थोरलीनं पहिली घडी घेतली. अंगठा कडेवरून गेला. जाड. जुनी निळी की नवी हिरवी? तिनं घडी जराशी दाबली. आतली शिवण ओळखीची लागली असावी. ती उजवीकडे ठेवली. बरोबर. दुसरी डावीकडे. बरोबर. तिसरी तिनं उचलली. मऊ. जुनी हिरवी असेल, नवी निळी असेल. अंगठा पुढे-मागे फिरत राहिला. धाकटीला दिसत होतं, ती अकरावी होती. निळी. उजवीकडे, उजवीकडे, ती मनात म्हणत होती, आणि थोरलीचे हात डावीकडे वळत होते.

धाकटी खोकली.

"तुम्हाला खोकला आहे?" बाईंनी मान वर केली. "मागे सरका. त्या पिवळ्या रेघेच्या मागे. किती दिवसांपासून आहे?"

"नाही, तसा नाही..."

"मागे सरका म्हटलं ना!"

धाकटी मागे सरली. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. आता थोरली एकटी होती, हातात गोधडी, दोन बाकांच्या मधोमध. गाडीवाला बघत होता. रोगी बघत होते. इतका वेळ लागण्यासारखं काय आहे, हे कुणालाच कळेना.

"अहो, निळ्या आणि हिरव्या," बाई म्हणाल्या. "त्यात विचार कसला करायचाय?"

थोरलीनं गोधडी परत बाकावर ठेवली. दोन्ही तळवे पोटाशी पुसले.

"बाई, मला रंग दिसत नाहीत," ती म्हणाली. हळू नाही, व्हरांडाभर ऐकू जाईल असं. "माझ्या जावेला बोलवा. तिला खोकला नाही. ती मला खुणावत होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग खरंच खोकलं. बाईंनी वही मिटली. त्यांनी स्वतःच एकेक घडी उचलली आणि उलगडली. चारही कडा बघितल्या, मागची बाजू बघितली. सहा एकीकडे. दुसरीकडे पाच. कड एकही चुकलेली नव्हती. मग शेवटची उलगडली, आणि त्या थांबल्या. हातभर लांब धरली, मान तिरकी केली.

"ही कुणी मांडलीय?"

"ही आणि त्यातली एक निळी हिनं. दहा माझ्या."

"म्हणजे बाकीच्या दहा तुम्ही मांडल्या, बिनरंगाच्या डोळ्यांनी?" बाईंना उत्तर नको होतं. त्या अजून गोधडीकडेच बघत होत्या. "ही तिरकी मला नको. वाकडी दिसते. रोगी पडल्या पडल्या बघून चक्कर येईल. अकरा घेते. ही घरी न्या."

पिवळ्या रेघेमागे धाकटीनं हिशेब केला. अकरा घेतल्या म्हणजे काम राहिलं. घर वाचलं. घरी न्यायला काय झालं, आपल्यालाच पांघरता येईल. ती पुढे होऊन गोधडी उचलणार, तेवढ्यात थोरली बोलली.

"बारा घ्या, नाहीतर अकराही नकोत."

"जाऊबाई!" धाकटीनं तिचा दंड धरला.

"सोड. कड बरोबर आहे का बाई? मध्ये काय वाटेल ते करा, तुम्हीच म्हणाला होतात. हिला हेच वाटलं."

"तुम्हाला ती दिसते तरी का?"

गाडीवाल्यानं नजर खाली घातली.

"नाही दिसत," थोरली म्हणाली. "हिनं मला ती चार दिवस सांगितली. काठाला काठ. माझ्या दहांतली एकही इतकी सांगावी लागली नसती."

बाई किल्ल्यांशी चाळा करत राहिल्या. एक, दोन, तीन, चार किल्ल्या धाकटीनं मोजल्या, पाचवीला श्वास घेतला. मग बाईंनी गोधडीची घडी केली, काहीशी रागानंच, आणि हिरव्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातली. वही उघडली.

"बारा," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं. "पुढच्या सोळा. आणि कडा मला हिनं बघून द्यायच्या."

पायऱ्या उतरल्यावर धाकटी फाटकाच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाराही परत केल्या असत्या म्हणजे?"

"केल्या नाहीत ना."

"पण केल्या असत्या म्हणजे?"

"मग तुझ्यामुळे झालं असं सांगितलं असतं भावजींना." थोरली पुढे चालायला लागली. दहा पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "पण पिवळ्यात जांभळा घालायचा नव्हता."

"का? बाईंना तिरकं खटकलं. जांभळ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत."

"त्यांना काय कळतंय? किल्ल्या सांभाळणारी बाई."

"मग आत काय म्हणालात त्यांना, हिला हेच वाटलं?"

"ते त्यांना सांगितलं. तुला सांगतेय की पिवळं मेलं असणार."

"मेलं नाही!"

"मला नाही दिसलं, मान्य. पण तू तरी धडपणे बघितलंस का, की नुसतं घातलंस?"

धाकटी तिला गाठायला भराभर चालायला लागली. सोळा गोधड्या समोर होत्या, आणि एकाही तुकड्याबद्दल 'तुझा हात टाक्याचा' असं म्हणून कुणी सोडवणार नव्हतं.

"बघितलं होतं," ती म्हणाली. "ऐका आता. परत सांगते, वरच्या कोपऱ्यापासून."

"सांग," थोरली म्हणाली. "पण खोटं सांगू नकोस."